पडणारीची सही

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, घाईत माणूस स्वतःला सोयीचं तेच बोलतो. समजा, एक काम तुम्ही केलेलंच नाही. आणि समोरचा हात जोडून म्हणतोय — धन्य आहात, हे तुम्हीच करू जाणे! खरं ठाऊक असलेलं दुसरं कुणी आसपास नाही. तर तुम्ही काय म्हणाल?

पुढच्या रांगेतले अध्यक्ष हसले. म्हणजे सवयीचं दिसतंय. असू द्या.

या प्रश्नाचं उत्तर देणारी बाई मला पोथीत नाही सापडली, सांगलीत सापडली. तिथं नदीकाठच्या गल्लीत मुरलीअण्णा शेट्यांचं दुकान. देवांच्या तसबिरींना काच आणि चौकट बसवून द्यायची, हा धंदा. दर्शनी भागात गणपती, लक्ष्मी, दत्तगुरू. आणि मागच्या भिंतीवर? — टीव्हीवरच्या विनोदी मालिकांत काम करणाऱ्या बायका! ओळीनं फोटो, प्रत्येकावर सही.

गिऱ्हाईक विचारायचं, “अण्णा, देवांच्या दुकानात या कोण?”

अण्णा म्हणायचे, “रडवायचं काम कांदासुद्धा करतो. हसवायला माणूस लागतं.”

त्यांचा एक नेम होता. नटूनथटून काढलेला फोटो त्यांना चालायचा नाही. ज्या प्रसंगाला हसू आलं, त्याच प्रसंगाचं चित्र शेजारच्या स्टुडिओतून छापून घ्यायचं आणि त्यावर त्या बाईची सही घ्यायची. नाटकाच्या निमित्तानं कुणी सांगलीला आली, की अण्णा फोटो घेऊन रंगपटाच्या दाराशी हजर. तुम्ही-आम्ही देवळाच्या दाराशी तरी इतका वेळ उभे राहतो का हो?

पण भिंतीच्या मधोमध एक जागा मोकळी होती. का मोकळी? ऐका.

एका वर्षी कृष्णामाईचं पाणी गल्लीत शिरलं. दुकान बुडालं. काचा फुटल्या, चौकटी कुजल्या. भिंतीवरून काढून वेळीच माळ्यावर चढवलेले सह्यांचे फोटो तेवढे वाचले. अण्णांच्या पत्नी, इंदुवहिनी, नणंदेच्या घरी जाऊन बसल्या, त्या बोलेनातच. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. अण्णा घाबरले हो. दुकान पुन्हा उभं राहील, माणूस कसं उभं करायचं?

एका दुपारी नणंदेकडे टीव्ही चालू होता. मालिका — ‘पाहुणे उठेनात’. त्यातली सासू लाडवांनी भरलेली परात घेऊन जिन्यावरून घसरते. धडधड, धडधड खाली! पण गंमत काय — बाई पडतेय, पदर कुठं, पाय कुठं, आणि परातीचा हात मात्र वर, सरळ. एक लाडू सांडला नाही. आणि इंदुवहिनी हसल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्या दिवशी पदर खोचला, खराटा घेतला आणि दुकानातला चिखल काढायला लागल्या.

म्हणून ती जागा मोकळी. त्या पडण्याचा फोटो, त्यावर सही, आणि तो इंदुवहिनींसाठी मधोमध लावायचा होता.

सासूचं काम करणाऱ्या सुनेत्रा धारप. मोठं नाव. त्यांच्या नाटकाचा दुपारचा प्रयोग सांगलीत लागला. प्रयोग संपला, अण्णा रंगपटात गेले, सगळी हकिकत सांगितली आणि फोटो पुढं केला. फोटोत पाठमोरी बाई, हवेत परात. बाईंनी पेन उघडलं. फोटो पाहिला. आणि पेन बंद केलं.

“अण्णा, ही मी नाही.”

“अहो, असं कसं? सासू तुम्हीच की.”

“सासू मी. पडणारी अंजना भालेकर. माझ्या जागी ती पडायची. परात सावरायची युक्तीसुद्धा तिचीच, दिग्दर्शकानं सांगितली नव्हती.”

अण्णा गयावया करायला लागले. “तोंड कुठं दिसतंय बाई? करा ना सही. बायको वाट बघतेय. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना,” बाई म्हणाल्या. “आणि देवांच्या दुकानात खोटं कशाला लावताय?”

मंडळी, इथं हात जोडावेसे वाटतात मला! कौतुक दारात चालून आलं होतं, नुसतं नाव लिहायचं होतं. आपण तर न मागता लिहून मोकळे झालो असतो. बाईंनी अंजनाचा कोल्हापूरचा पत्ता सांगितला, स्वतःच्या दुसऱ्या एका फोटोवर सही दिली आणि म्हणाल्या, “हा तिच्या शेजारी लावा. वर नको.”

अण्णा आणि इंदुवहिनी कोल्हापूरला गेले. शिवाजी पेठेत, एका चाळीत दार वाजवलं. अंजनाबाई पापड लाटत होत्या, पिठाच्या हातांनीच दार उघडलं.

इंदुवहिनींनी फोटो दाखवला. “हे पडलात ते तुम्हीच ना?”

बाई दचकल्या. “व्हय. का? कुणाची काय तक्रार आली काय?”

“तक्रार नाही हो. सही पाहिजे.”

“माझी? ह्यात माझं तोंड कुठं दिसतंय?”

“मी तोंडाला हसले नव्हते,” वहिनी म्हणाल्या. “पडण्याला हसले होते.” आणि पाण्यापासून खराट्यापर्यंत सगळं सांगितलं.

अंजनाबाई खालीच बसल्या. म्हणाल्या, “खरंच हसलात?”

“पोट धरून.”

“मला ठाऊकच नव्हतं बघा. सेटवर हसायला कोण असतंय? पडलं की सगळे आधी विचारायचे, शॉट बरोबर आला का. एवढ्या वेळा पडले, पण हसणं काय कधी ऐकलं नाही.”

मग बाई उठल्या. पापडाची परात हातात घेतली. गुडघे आता साथ देत नाहीत, पडणार कशा? पण दोन पावलं डगमगल्या, कमरेत वाकल्या, पदर सुटला — आणि परातीचा हात वर, सरळ. एक पापड हलला नाही.

इंदुवहिनी हसायला लागल्या. इतक्या, की चाळीतल्या बायका दारात जमल्या आणि त्याही हसल्या. आणि अंजनाबाई परात तशीच धरून उभ्या राहिल्या, ऐकत. खाली ठेवेनात.

मग सही केली. सही कसली, बाईंनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं — अंजना शामराव भालेकर. आज ते नाव सांगलीत भिंतीच्या मधोमध आहे. शेजारी सुनेत्राबाई, वर नव्हे.

आता मंडळी, प्रश्न तुमच्याकडे आणतो. मघापासून टाळ्या मिळताहेत, त्या मला. हार घातलात, तो मला. फलकावर नावं अध्यक्षांची, देणगीदारांची. आणि मंडपामागं सकाळपासून चुलीपाशी बसलेल्या बायकांची नावं सांगा बरं. अध्यक्ष, तुम्ही सांगा. एक तरी?

बघा, आता हसत नाहीत.

तर आजचा माझा हार त्या चुलीपाशी जाईल. आणि पंगतीला बसाल तेव्हा वाढणाऱ्या बाईला आधी नाव विचारा, पूर्ण. मग घास घ्या. गोड लागला तर तिला ऐकू जाईल असं सांगा. पांडुरंगाचं नाव घ्यायला मागून वेळ आहे, तो तोवर विटेवर थांबेल.