खळ्यावरची दीर्घिका

बायनाबाई : …निऱ्या धर नीट. सरपंचकीचा फॉर्म भरायला चाललीस अन् फोन कावून बघायलीस?

रोहिणी : पुण्याच्या खगोल संस्थेचं पत्र आलंय, आत्या. ती धुरकट दीर्घिका आठवते? शेंगा फोडताना दाखवली होती?

बायनाबाई : रोजच दावतीस की तू चांदण्यांचे फोटो.

रोहिणी : त्यांचे फोटो माझ्यासारखे घरबसल्या तपासणाऱ्या बाकीच्या लोकांनी डाग म्हणून सोडून दिली होती ती. तुम्ही म्हणालात, डाग कशाचा, मधी बैलांची पात हाय.

बायनाबाई : हायच की. आमचं तलवाड्याचं खळं लई मोठं. मधी तिवड्याचा खांब रोवायचे अन् दोन्ही अंगाला बैल एकाला एक बांधून फिरवायचे. माळवदावरून बघितलं की अशीच दिसायची. मधी आडवा दांडा, अन् टोकापासून भुसकाट वळत गेलेलं.

रोहिणी : तसाच दांडा निघाला. मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा बघितलं त्यांनी. तिथून प्रकाश निघाला त्याला अकराशे कोटी वर्षं झाली. इतक्या जुन्या दीर्घिकांत दांडा फार क्वचित सापडतो. मला दोन वर्षांसाठी बोलावलंय, हेच काम करायला. सोमवारी हजर व्हायचंय.

बायनाबाई : अन् आज फॉर्म.

रोहिणी : आज शेवटचा दिवस. निवडून आले की पाच वर्षं इथंच.

बायनाबाई : सोमाला सांगितलंस?

रोहिणी : सकाळीच. म्हणाले, जागा बायकांना सुटलीय, घरात दुसरं कोण हाय?

बायनाबाई : असं म्हणला?

रोहिणी : तुम्ही पण होता ना सरपंच?

बायनाबाई : होते की. खुर्चीत तुझा सासरा, मी आतल्या खोलीत. कागद आला की सही. एकदा इचारलं, हा हातपंप कुठं बसवायलात? सगळे हसले. पुन्हा न्हाई इचारलं.

(बाहेर जीपचा हॉर्न वाजतो.)

सोमेश्वर : रोहिणी! झालं का? माणसं खोळंबलीत. गेवराईला तीनच्या आत पोचायचंय!

रोहिणी : आले!

बायनाबाई : थांब गं. त्या दांड्यानं काय होतं तिथं?

रोहिणी : तो फिरतो, आणि बाहेरचा वायू आत ओढून घेतो. आत गेलेलं सहसा बाहेर येत नाही.

बायनाबाई : आमच्या बैलांना सांजच्याला सोडायचे तरी.

रोहिणी : पत्रात तुमचं पण नाव आहे, आत्या. पहिल्यांदा कुणी ओळखलं, ते मी कळवलं होतं.

बायनाबाई : माझं? दाव.

रोहिणी : हे बघा. बायनाबाई.

बायनाबाई : मालकाचं नाव न्हाई लावलं पुढं?

रोहिणी : राहिलं. कळवू का तसं?

बायनाबाई : नगं. बरं दिसतंय.

सोमेश्वर : काय चाललंय आत? आई, तू तरी धाड की तिला!

बायनाबाई : तूच आत ये. ही पुण्याला चालली.

सोमेश्वर : डोस्कं फिरलं का तुमचं? तिच्या फोटोचे फ्लेक्स छापून आलेत!

बायनाबाई : तुझा फोटो केवढा अन् तिचा केवढा, बघितलाय मी. तिच्या जागी माझा चिटकव. फॉर्म मी भरते.

सोमेश्वर : तू? ह्या वयात? पाच वर्षं काढायचीत, आई.

बायनाबाई : ठावं हाय. काढलीत मी.

रोहिणी : आत्या, नको. माझ्यापायी तुम्ही कशाला…

बायनाबाई : तू गप. साडी सोड, ड्रेस घाल. एसटीत बरं पडतं.

सोमेश्वर : अन् लोक काय म्हणतील? बायको पळून गेली म्हणतील.

बायनाबाई : तू सांग की, आभाळातलं काम करायला गेली. भाषणं ठोकतूसच.

सोमेश्वर : …मतदान कार्ड कुठंय तुझं?

बायनाबाई : देवाच्या फळीवर. अन् मी पुढं बसणार. मागून रस्ता दिसत न्हाई.

सोमेश्वर : पुढं आपल्या पॅनलचे गहिनीनाथअण्णा बसलेत.

बायनाबाई : मग खिडकीपशी तरी जागा ठिव.