दीड तुम्हाला, अर्धी मला

(दुपारचं सलून. गिऱ्हाईक नाही.)

नवरा : बस ना. त्या खुर्चीवर नको, ती पुसायचीय. इकडे बस. थांब, आधी केर काढतो.

बायको : सकाळपासून कितीदा काढलात?

नवरा : चारदा. समोर ती दोन पोरं एसीचं सलून थाटून बसलीत, आपण निदान स्वच्छ तरी असावं. तू एवढी चालत कशाला आलीस? डॉक्टर काय म्हणाले? बोल ना.

बायको : दम लागलाय. जरा... थांबा. टॉवेलला रक्त कसलं?

नवरा : हेडमास्तरांच्या कानाचं. वस्तरा सटकला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, अर्धी दाढी तशीच ठेवून तरातरा निघून गेले. हात बघ, कसा लटपटतोय. वय झालं माझं, दुसरं काय! विकून टाकू का दुकान?

बायको : माझा रिपोर्ट बिघडलाय. डॉक्टर मलाच रागावले, गोळ्या चुकवता म्हणून.

नवरा : चुकवतेस कुठे? रोज सकाळी मी हातावर ठेवतो की.

बायको : मी चष्मा लावायच्या आधी. तुम्ही दिलेलं मी कधी बघत नाही, गिळते. आज पहिल्यांदा बाटली उघडली. आत गोळ्यांचे तुकडे होते. शेजारी तुमचं ब्लेड.

नवरा : पंखा वाढवू? काय उकडतंय!

बायको : मला थंडी वाजतेय. रोज दोन गोळ्या सांगितल्यात. मला किती देता?

नवरा : ...अर्धी.

बायको : आणि बाकीची दीड?

नवरा : अगं, गोळ्या सुरू झाल्यावर तू कशी उभी राहिलीस, आठव. अंथरुणाला खिळलेली बाई, दोन महिन्यांत जिने चढायला लागलीस. म्हटलं, टॉनिकच असणार. तू तर बरी झालीस, तुला आता थोडं कमी चालेल. आणि मीही त्या पोरांना पुरून उरेन.

बायको : टॉनिक नाही हो ते. गळ्यातल्या ग्रंथीचं काम करते ती गोळी. माझी ग्रंथी थकली, म्हणून बाहेरून घ्यायची. कमी पडलं की मेंदूखालची दुसरी ग्रंथी ओरडत सुटते, अजून हवं, अजून हवं. माझ्या रक्तात तेच दिसलं. तुमचं सगळं ठाकठीक होतं. त्यावर दीड गोळी ओतलीत, म्हणून हात कापतोय आणि घाम फुटतोय.

नवरा : म्हणजे वय नाही?

बायको : नाही.

नवरा : हात परत येईल माझा?

बायको : गोळी बंद केल्यावर येईल म्हणाले, हळूहळू. उद्या रक्त तपासायला बोलावलंय तुम्हाला.

नवरा : त्यांना सांगितलंस?

बायको : फोन केला. तुकडे बघून संशय आला, घरी कप धरतानाही तुमचा हात कापतो, तेही सांगितलं.

नवरा : मग आता माझ्यावर ओरड की! भांड! अशी नुसती बघत काय बसलीस?

बायको : भांडायलाही अंगात त्राण लागतं हो. आता महिनाभर पुऱ्या गोळ्या घेते. मग भांडेन.