आईच्या टेपचे दोन इंच

हॅलो?… हां, बोल गं बारके… थांब, हाताला गोंद लागलाय, फोन खांद्यात धरते… हां, आता बोल.

झाला. हो, बाक झाला. आत्ताच कापडाची शेवटची पिन मारली… अगं खरंच. थोरली बहीण नुसत्या गप्पा मारते असं वाटलं होतं ना तुला?… वाटलं होतं. कबूल कर.

तोच गं, जुन्या सामानाच्या दुकानातला पलंग. तूच नाक मुरडलं होतंस, म्हणालीस, ताई, कुणीतरी टाकून दिलेला पलंग कशाला घरात आणतेस… आता ये आणि बघ म्हणावं. उशाकडच्या फळीची पाठ झाली. पायथ्याकडच्या फळीतून दोन हात काढले… हात म्हणजे टेकायचे हात गं, खुर्चीला असतात तसे. उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेत, तुझे भाऊजी रोज म्हणतात, टाकून दे, टाकून दे. मी म्हटलं, असू देत, काही खायला मागत नाहीत… मग बसायला प्लाय, त्यावर फोम, वरून जाड हिरवं कापड… पोपटी नाही, शेवाळी… छे, मदत कसली. भाऊजी करवतीपाशी फळी धरायला होते, तेही मधेच दोनदा चहा प्यायला गेले.

आई कुठंय?… आवरतेय? बाल्कनीत जा जरा… गेलीस?

काय म्हणतेय ती? खरं सांग… हं… हं… म्हणजे अजून तेच. बसल्या जागेवरून आपलं आपल्याला उठता आलं तर आठ दिवस राहीन, नाही तर आल्या पावली परत… नाही गं, तिचंही काही चुकत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालं, दवाखान्यातून सरळ इकडे आणली, आणि आमच्या त्या मेल्या सोफ्यात रुतून बसली. जावयानं दोन्ही दंड धरून ओढून काढली तिला. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांचे गणवेश शिवले, कुणापुढे हात पसरला नाही, आणि आता उठायला जावई लागतो… लागलंच ते तिच्या मनाला. त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही. संध्याकाळी मला बारकीकडे न्या म्हणाली ती म्हणालीच.

पण तुझ्याकडे तीन जिने. दोन महिने खाली उतरलेली नाही… अगं तुला बोल नाही लावत. तू किती केलंस ते बघतेय ना मी. पण आमचा तळमजला, दार उघडलं की रस्ता, चार पावलं चालेल, चार माणसं दिसतील… हो. मला हवीय ती इथे. आठ दिवस नाही, कायमची हवीय. तू तिकडे तीन जिन्यांवर, तीही तुझ्याकडे, आणि मला इथे घर खायला उठतं… तिला सांगू नकोस हं हे. मुद्दाम येणार नाही मग.

बसून बघितलं की… छान आहे. जरा… काही नाही गं… जरा बसकं वाटलं, एवढंच. माझा आपला भास असेल… अठरा. फोम धरून बरोब्बर अठरा इंच… काय म्हणजे काय? अठरा. तू वीस सांगितलंस, म्हणून अठरा.

अगं, तुझ्याकडच्या ज्या खुर्चीवरून ती आपली आपण उठते, तिची उंची मोज म्हटलं होतं ना मी तुला… मोजलीस ना? कशानं? आईच्याच टेपनं ना? पिवळ्या?… मग झालं तर. आईच्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेत, ती दोनपासूनच सुरू होते. आपल्या घरात काहीही मोजलं की दोन वजा करायचे, हे बोलायला लागायच्या आधी शिकलो आपण. म्हणून मी वजा केले.

…तू पण केलेस?

म्हणजे टेपवर आले बावीस, तू दोन काढून मला सांगितलेस वीस, आणि मी परत दोन… हं.

हसू नकोस… अगं हसू नकोस ना, मला पण येतंय… बाकाचे पाय कापले गं मी. कापलेलं लाकूड काय परत वाढतं?… नाही, नाही चालणार. डॉक्टरांनी चारदा बजावलं, जागा उंच हवी म्हणून. दोन इंच खाली म्हणजे तो सोफाच झाला तिच्यासाठी. बसेल, उठायला जाईल, उठता यायचं नाही, आणि मग परत तेच तोंड करून बसेल. चारला निघताय ना? आता दीड वाजलाय… नाही, उद्यावर नको. आज टळलं तर महिनाभर हलायची नाही ती.

पायांखाली विटा लावू का?… कोण बोलतंय गं मागे?… आई? ती बाल्कनीत कधी आली?… कधीपासून ऐकतेय?… सगळं?

दे. दे तिच्याकडे.

हां, आई… हो… नाही, नाही लावत विटा… हलतील, बरोबर आहे… हो, तुझीच टेप. आता दोघींनी वजा केलं त्याला आम्ही काय करणार, सवय तूच लावलीस. नवी घे, नवी घे म्हणून किती वर्षं… बरं बाई, नाही बोलत.

फोम चार इंची आहे… नाही, आणखी फोम नको, रुतशील… फळी?… थांब. आहेत. अगं आहेत की, पायथ्याकडच्या फळीचे तुकडे, चांगले इंचभर जाड. दोन एकावर एक. प्लायच्या वर आणि फोमच्या खाली… हो, मग पक्कं होईल. पण कापड वर उचललं जाणार, ते पुरायला हवं… ठेवलीये ना माया. तीन इंच आत दुमडलंय सगळीकडून. पोरं वाढतात म्हणून तू गणवेशांना ठेवायचीस तशी… मग, कुणाच्या हाताखाली शिकलेय. पिना तेवढ्या काढाव्या लागतील, शंभरेक असतील… काढते गं. काढायला किती वेळ.

फोन ठेवू नकोस, नुसत्या फळ्या वर ठेवून बघते… हां. बसले… उठले. आई, हात न टेकता उठले… हो, माझ्या गुडघ्यांचं कौतुक नको, माहितीये. पण उंची आली.

काय?… चारच पिना मारू? का?… खोळ? नाड्यांची… हो, काढून धुता येईल, ते खरं. पण शिवणार कशावर? माझ्याकडे कुठंय मशीन…

तुझं?

आई, ते लोखंडाचं धूड तीन जिने कोण उतरवणार?… बारकीचा नवरा. बरं. त्याला विचारलंस का?… नाही विचारलंस. बरं… पण आठ दिवसांसाठी मशीन कशाला हलवायचं…

हं.

हो… हो, आहे ना. खिडकीपाशी आहे जागा. उजेड डावीकडूनच येतो, तुला हवा तसा. टेबल काढते तिथलं… बाकही तिकडेच सरकवते, मशीनसमोर.

आई, ऐक ना. ते तू म्हणाली होतीस, आल्या पावली परत… नाही, आपलं विचारते. समजा, नाहीच उठता आलं तर?

…

बरं… नाही, रडत नाहीये… रडतेय जरा. असू दे.

हो. नाही आलं तर अजून एक फळी घालीन… आहेत गं, पुष्कळ उरल्यात… हो. चल, ठेवते. पिना काढायच्यात मला.