खिडकी धरून ठेवलीय

पंच्याण्णव सालची संक्रांत होती. इंदिराबाई एळ्ळूचा, म्हणजे कानडी तिळगुळाचा डबा घेऊन चामराजपेटेच्या थांब्यावर बसल्या होत्या. डबा त्यांच्या रोजच्या बसचे कंडक्टर तुकोजीराव यांच्यासाठी होता. थांब्यामागच्या चहाच्या गाडीवर तुकोजीराव कुणाशी तरी घरच्या मराठीत बोलत होते.

“साहेबांनी तुमच्याकडं शिकायला धाडलंय, अण्णा. एका डेपोची युक्ती दुसऱ्यानं घ्यायची म्हणे. माझ्या गाडीत बायका दारातच उभ्या राहतात. आत सरका म्हणून घसा सुकला.”

“सरका म्हणायचंच नाही. हळूच म्हणायचं, अक्का, तुमच्यासाठी खिडकी धरून ठेवलीय. बाई सरळ आत जाते.”

“आणि खिडकी रिकामी नसली तर?”

“आत्ताच कुणी बसलं बघा, उद्या नक्की धरतो, म्हणायचं. तोवर बाई आत पोचलेली असते.”

“सगळ्यांना हेच?”

“सगळ्यांना. पण हळू आवाजात. दुसरीला ऐकू गेलं की संपलं.”

“कुणाला कळलं तर?”

“अजून कळलं नाही. एक अक्का तर खिडकी धरतो म्हणून दर संक्रांतीला मला एळ्ळू देते.”

“आणि तुम्ही खाता?”

“खातो की. फार छान करते, बाबा. चल, गाडी आली. आज दारात तू उभा राहा.”

इंदिराबाई चढल्या. दारातला नवा कंडक्टर वाकून म्हणाला, “अक्का, तुमच्यासाठी खिडकी धरून ठेवलीय.”

त्यांनी डबा त्याच्या हातात दिला.

“हा तुकोजीरावांना दे, अर्धा तू घे. आणि आवाज स्वल्प हळू ठेव. दुसरीला ऐकू गेलं की संपलं.”

आणि त्या आत सरकल्या.