निळ्या कॅनची पट्टी

'गिटार स्वतःच शिकलो' म्हणला त्यो? माझा पोरगा? असंच म्हणला? आन् तुमी ते छापणार? – घ्या ताई, पाणी घ्या, पुण्याहून भूमपतोर येस्टीत हाडं खिळखिळी झाली असतील – स्वतःच शिकला म्हणं! मग ह्या आबारावनं बँजो पार्टीत तीस वर्सं माशा मारल्या व्हय? तुमीच म्हणता न्हवं, बुद्धघोषसारखा उजवा हात देशात दुसरा न्हाय, तळहातानं तारा दाबून धरतो आन् खालच्या खाली दणके देतो, इंजन सुरू झाल्यावानी. त्यो हात हितं घडलाय, ह्या बाजंवर! सात वर्साचा असताना माझा बँजो मांडीवर घिऊन बसायचा. तारा छेडायची पट्टी बोटात घट धर, मनगट ढिलं सोड – कुणी सांगितलं? म्या. आन् पट्टी कशाची? दुकानातली मऊ लागती, म्हून आमी रॉकेलच्या निळ्या कॅनची कापतो. दोन म्हयन्यात झिजती. त्यो बघा कॅन, न्हाणीपाशी – कडंनं कसा कातरलाय, त्याची आई, आमची सरू, म्हणती उंदरं कुरतडत्यात.

ते मेटल का काय, मला त्यातलं कळत न्हाय. जर्मनीला वाजवून आला, तीन अल्बम काढले – आनंद हाय. पर सहा वर्सं घराला पाय न्हाय. का? का म्हंजी, कामात असंल. न्हाय न्हाय, भांडण कसलं! जयंतीच्या मिरवणुकीत जरा – आता विषय काढलाच तुमी. गाडीवर म्या बँजोला, त्यो गिटारला. भीमगीत संपलं आन् ह्यानं मधीच त्याचं ते धडाडधूम सुरू केलं. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठिवले. म्या 'बंद कर' म्हणलं न्हाय, भर चौकात त्याच्या गिटारची वायरच उपसली. लोक हसले. त्यानं गिटार खोळीत घातली, खाली उतरला, गेला. लोकांना आवडलं न्हाय म्हून उपसली, असं म्या सगळ्यांना सांगतो. लबाड हाय म्या. पोरं नाचाय लागली हुती, ताई! माझ्या बँजोवर तीस वर्सांत तशी कवा नाचली न्हाईत.

हे लिवू नका. न्हायतर असं लिवा – बापाची बोटं बधिर पडत्यात, यंदा जयंतीला गाडीवर बँजोला बसाय माणूस न्हाय. नगं, तेबी नगं. भीक मागितल्यावानी हुतंय. बापाचं नाव घ्यायला जड जातंय, तर ऱ्हाऊ द्या.

काय दावताय? फोटो? थांबा, चष्मा – हां. वाळलाय की लई. आन् बोटात हे निळं काय धरलंय? मोठं करा. अजून... पट्टी हाय ही. आमचीच पट्टी! कवाचा फोटो? मागच्या म्हयन्यातला? अवं, दोन म्हयन्यात झिजती ती, मग सहा वर्सं ह्याला –

सरू! ए सरू, बाहीर ये आधी! उंदरं कात्रीनं कुरतडत्यात व्हय गं? पार्सलनं पाठवतीस? मागवतो त्यो? स्वतः फोन करून मागवतो? – आन् मला सहा वर्सं पत्ता न्हाय! – बघ ह्या फोटोत, कडा घासल्या न्हाईस तू. बोटाला लागत असतील पोराच्या. आण हिकडं ती कात्री. कॅनबी आण. – तुमी अजून बसलाच व्हय ताई? जावा आता, तीनची येस्टी चुकंल.