मिरवणूक नाल्याकडे वळवली तो दिवस

माहा जलम उंद्रीजवळच्या खेड्यातला, म्हंजे गावातला नाई, गावाच्या कडेनं नाला वाह्यते अन् नाल्यापल्याड आमच्या वस्तीचा पुरा हाये, विहार हाये, तिथला. बापाले वाटे पोट्ट्यानं खामगावच्या जिनिंगमधी लागावं. लागलो. थोडे दिवस कापूस नाकातोंडात घेतला अन् पळून आलो. बाप म्हने आता काय करशीन बे, म्या म्हनलं क्लॅरनेट वाजवीन, बाप पोट धरून हासला. मंग म्या बँडच काढला, लाल कोट, सोनेरी झालर, अन् काय सांगू तुमाले, या भागातली निम्मी लग्नं माह्या बँडनं लावली. आता त्याईच्या घरात भांडनं होतात तो दोष बँडचा नाई.

लग्नसराई सरली का पुढाऱ्याईची सराई सुरू. आमाले सगळे पक्ष सारखे, जो बोलावन त्याच्यापुढं वाजवाचं. पन एक पाह्यलं म्या, बँडवाल्यासमोर मानसं काईबी बोलतात. त्याईले वाटते याईले निस्तं वाजवता येते, आयकू येत नाई.

तं त्या दिवशी, हिवाळ्यात, आमदारसाहेब गावात सभामंडपाच्या कामाचा नारळ फोडाले येनार होते. आमी स्टँडवर उभे. साहेबाच्या संगं एक गॉगलवाला राह्यते, तो मिरवनुकीची जीप घेऊन आधीच आल्ता, त्याले म्या इचारलं, साहेब नाल्यापल्याड येतीन का हो, पुलाचं सांगाचं होतं. कारन असं हाये का आमच्या नाल्यावर पूल नव्हता. आदल्या पावसाळ्यात माह्या सुनेचं पोट दुखाले लागलं तं ॲम्बुलन्स अल्याडच उभी राह्यली अन् आमी सुनेले खाटेवर घालून छातीभर पान्यातून नेलं. पोरगा झाला, नीट झाला, पन ते पानी आठवलं का आजबी अंगावर काटा येते. अन् आता सून पुन्हा पोटुशी, दिवस भरनार ते भर पावसातच.

गॉगलवाला माह्याशी बोललाच नाई. ड्रायव्हरले म्हने, तिकडं काय जाचं, त्या लोकाईले मतदानाच्या आदल्या राती मटनाचं जेवन देल्लं का झालं. माह्या तोंडावर! मले राग आला, लय आला.

आता मिरवनुकीचा कायदा तुमाले सांगतो. बँड जिकडे तिकडे सगळे. नाचनारे ढोलाच्या मांगं, जीपवाला नाचनाऱ्याईच्या मांगं, अन् साहेब हात जोडून लोकाईकडे पाह्यतात, रस्त्याकडे कोनीच पाह्यत नाई. सरळ जाचं होतं मारुतीच्या देवळाकडे. चक्कीपाशी म्या डाव्या हाताले वळलो. ढोलावर माहा साळा, तो पाह्यतच राह्यला, म्या डोळा मारला, मंग त्यानं ढोल असा बडवला का पोट्टे येड्यावानी नाचाले लागले अन् सगळी वरात नाल्याच्या उतारावर. गॉगलवाला पळत आला, ओ बँडवाले, कुठं चालले, थांबा! आता तोंडात क्लॅरनेट, म्या त्याले उत्तर कसं देऊ?

जीप चिखलात फसली. मांगं गर्दी, गाडी मांगं येईना. साहेब उतरले, पांढरे बूट, गुडघ्याएवढं पानी. पल्याड आमच्या बाया उभ्या, त्याईत माही सून. सून म्हने, या साहेब, लाजू नका, मले तं याच्यातून खाटेवर नेल्तं. साहेब आले बूट हातात घेऊन. तवा म्या क्लॅरनेट खाली केली अन् म्हनलं, साहेब, तुमची मानसं म्हंतात आमी जेवनावर मत देतो. आज जेवन आमी देतो, पूल तुमी द्या. माही बुढी, म्हंजे बायको, मोठी हुशार, तिनं लगेच भाकर अन् ठेचा आनला. साहेब जेवले हो! घाम पुसत पुसत जेवले, पाहुन्यावानी दोनदा भाकर मांगली. खोटं काऊन सांगू, मानूस भुकेला होता.

आता तुमी म्हनसान पूल त्या भाकरीनं झाला. नाई. हातात बूट घेतलेला साहेब सगळ्याईच्या मोबाईलवर फिरला अन् निवडनूक जवळ होती, म्हून झाला. पन झाला! आखाडात सुनेचं पोट दुखाले लागलं तं गाडी दारात आली. नात झाली, चिखलीच्या दवाखान्यातून पुलावरूनच घरी आली, एक थेंब अंगावर उडाला नाई. त्या दिवशी म्या एकटा पुलावर जाऊन रडलो, हाव, आनंदानं रडलो.

उद्घाटन मातर आता झालं, मांगच्या हप्त्यात. अन् साहेबानं बँड आनला मलकापूरचा! म्हने त्या बुढ्याचा भरोसा नाई, कुठं घेऊन जाईन. लोक म्हनले हा तुमचा अपमान हाये. अपमान कायचा हो? जलमभर लोक नाचले अन् म्या गाल फुगवून पाह्यत राह्यलो, माह्या सोताच्या लग्नातबी म्याच वाजवलं. त्या दिवशी पैल्यांदा हात मोकळे होते. बुढीले म्हनलं चाल. बुढी म्हने लाज नाई वाटत या वयात, म्या म्हनलं नाई वाटत. अन् तिले ओढली अन् पुलाच्या मधोमध नाचलो, असा नाचलो का साहेबानं माह्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

मलकापूरवाल्याचं भलं हो, चांगला वाजवते. साहेबाचंबी भलं हो. माहे गुडघे अजून दुखून राह्यले, बुढी तेल लावून देते अन् शिव्या देते, दुखू द्या.