शिवणीतला केस

मंडळी, मले माईकवर बोलता येत नाही, म्हणून जोरानं बोलते. मागच्यायनं खाली बसा. इथं शोकसभेत आतापर्यंत सारे शिकलेले बोलले. मी सुभद्रा, शिलाई मशीनवाली. बोल म्हटलं तेव्हा मी नाही म्हणाली होती. मग वाटलं, मी नाही बोलली तर ही गोष्ट कोणीच सांगणार नाही. सारे म्हणून राहिले, डोमाजी गुरुजी देवमाणूस होते. देव नव्हते, मंडळी. माणूस होते.

गुरुजी शाळेत शिकवत अन् सुटीत चेटकिणीच्या कादंबऱ्या लिहीत. पातळ पुस्तकं, वरती लाल डोळ्याची बाई. अड्याळच्या बाजारातून कोणीतरी आणे. एक जण वाचे, दहा जण ऐकत. मीबी ऐकत होती.

आणीबाणी उठली त्या वर्षी नवी कादंबरी आली. तिच्यातली चेटकीण तळ्याच्या पाळीवर एकटी राहते. विधवा आहे. लोकायचे कपडे शिवते. ज्याले मारायचं, त्याच्या कपड्याच्या शिवणीत आपला एक केस शिवून टाकते. मग तो माणूस वाळत जाते.

तुमीच सांगा, पाळीवर एकटी विधवा कोण राहत होती? गावात मशीन कोणाची होती?

मी गुरुजींना रस्त्यात गाठलं. म्हटलं, "माझं घर काहून लिहिलं?" ते हसले. "सुभद्राबाई, गोष्ट आहे ती. खरं कोण मानते?"

महिनाभरात साऱ्यायनं खरं मानलं.

शिवाची पोरगी वनिता तापानं पडली. डोळे पिवळे झाले. पोटात अन्न टिकेना. तिचा फ्रॉक मी शिवला होता. शिवा भर दुपारी तो फ्रॉक घेऊन माझ्या अंगणात आला. मागं पंचवीसेक माणसं. माझ्याच कात्रीनं त्यानं शिवण उसवली.

केस निघाला.

अहो, निघणारच! मी मान खाली घालून शिवते, केस माझे लांब. पण केस निघाला अन् सारे दोन पावलं मागं सरले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "पुस्तकात लोक तिचं घर पेटवतात, तवाच वाळलेला माणूस वाचते." एकानं माझ्या चुलीजवळची घासलेटची बाटली उचलली.

तेवढ्यात शाळेतून गुरुजी धावत आले. हातात खडू तसाच. "हे मी बनवलं!" ओरडले. "केसाची गोष्ट खोटी आहे. माझ्या डोक्यातून काढली!"

शिवा म्हणाला, "मंग हा केस कुठून आला? तुमाले ठाऊक होतं, म्हणून लिहिलं. आता भेऊन राहिले."

गुरुजींनी अंगातला सदरा काढला. मीच शिवलेला, दोन वर्षं घातलेला. कात्री घेऊन खालची शिवण उसवली, मग कॉलर उसवली. कॉलरमधून माझा लांब केस निघाला. तो त्यायनं शिवाच्या हातावर ठेवला. "पाहा मले. वाळलो का मी?" गुरुजींचं पोट चांगलं सुटलेलं होतं. पण कोणी हसलं नाही. बाटली त्या माणसाच्या हातातच होती.

मग गर्दीतून शिवाची बायको पार्वता पुढं आली. पोरगी खांद्यावर. "केसाचं मागून पाहा," म्हणाली. "माझी पोट्टी मरून राहिली. गुरुजी, भंडाऱ्याची गाडी कवा हाय?"

गुरुजी तसेच उघड्या अंगानं तिच्यासंगं निघाले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात कळलं, कावीळ होती. वनिता वाचली.

लोक एकएक करून गेले. बाटली दारात ठेवून गेले. माफी कोणी मागितली नाही. पुढं वर्षभर माझ्याकडं शिलाईले कापड कोणी आणलं नाही, गुरुजींच्या घरचं सोडून.

गुरुजी एका सकाळी आले, अंगणात उभे राहिले. "चूक माझी आहे."

म्हटलं, "हो, तुमचीच." बसा म्हटलं नाही.

तरी ते येत राहिले. नवं काही लिहिलं की छापाले देण्याआधी मले वाचून दाखवत. "कोणाचं घर दिसते का यात?" मी ऐके. एकदा विचारलं, "गुरुजी, तुमच्या चेटकिणीले भूक लागत नाही का? पायात काटा मोडला तर कोण काढते?" ते लिहून घेत. मग त्यायच्या चेटकिणी भाकर करू लागल्या, थकू लागल्या, रडू लागल्या. खप कमी झाला. "लोकायले भीतीच वाटत नाही म्हणतात," त्यायनं सांगितलं. मी म्हटलं, "होऊ द्या."

माफ केलं का, हे त्यायनं अनेकदा विचारलं. मी म्हणे, "पुढचं वाचा." खरं सांगू? मले अजून समजलं नाही. पण परवा गुरुजी गेल्याचं कळलं, अन् मशीनवरचा माझा पाय थांबला.

आता उभे राहा, मंडळी. त्या दुपारी माझ्या अंगणात कोण कोण होतं, मले पाठ आहे. अर्धे इथंच बसले आहेत. नाव मी घेत नाही. पण तुमी आधी उभे राहा. तुमच्यापुढं एका माणसानं आपली चूक कबूल केली होती. त्याच्यासाठी दोन मिनिटं खाली पाहून उभे राहा.